शाप आणि पगार

परवा रात्री फुटबॉलचा सामना पाहता पाहता आमचे धाकटे चिरंजीव म्हणाले, "बेनफिका युरोपचा कप जिंकायची नाही, बाबा. तिला गुटमनचा शाप आहे!"

"कोण हा मेला दुर्वास?" चकल्या तळता तळता सौभाग्यवतींनी आतून विचारले. आता ओळख करून देणे आले!

बेला गुटमन बुडापेस्टचा. जन्म १८९९. आईबाप नृत्यशिक्षक, हाही नाच शिकवण्यात तयार झालेला, पण पाय रमले ते चेंडूत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला हंगेरीचा संघ गेला, तेव्हा बरोबर अधिकाऱ्यांचीच खोगीरभरती! या गृहस्थाने म्हणे मेलेले उंदीर अधिकाऱ्यांच्या दारांवर टांगले. पुन्हा देशाच्या संघात त्याला कोणी घेतले नाही.

इथवर हसण्यासारखे. पण गुटमन ज्यू होता. १९४४ साली तो माळ्यावर लपून राहिला, मग वेठबिगारीच्या छावणीत अडकला, आणि तिथून खिडकीवाटे उडी टाकून पळाला. वडील आणि बहीण मात्र नाझींच्या हातून वाचली नाहीत. युद्धानंतर रुमानियात प्रशिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा त्याने पगार भाजीपाल्यात मागितला असे सांगतात. अन्नाच्या दुष्काळात नोटांचे काय लोणचे घालायचे?

पुढे लिस्बनच्या बेनफिकाला त्याने १९६१ मध्ये युरोपियन कप मिळवून दिला. १९६२ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला रेआल माद्रिद ३-२ ने पुढे; तिन्ही गोल त्याच्याच गावच्या पुश्काशचे! उत्तरार्धात वीस वर्षांच्या युसेबियोने दोन गोल मारले आणि बेनफिका ५-३ ने जिंकली. गुटमनने जास्त पैसे मागितले. संचालकांनी नाही म्हटले. तो चालता झाला. जाताना शंभर वर्षांचा शाप देऊन गेला म्हणे.

त्यानंतर २०१४ पर्यंत बेनफिकाने युरोपातले आठ अंतिम सामने गाठले, आठही हरली. १९९० चा सामना व्हिएन्नात होता. गुटमन १९८१ साली तिथेच वारला. युसेबियोने त्याच्या थडग्यापाशी प्रार्थना केली, तरी मिलानने १-० ने हरवलेच.

मला स्वतःला हा शाप पटत नाही. १९६५ मध्ये हाच गुटमन पुन्हा बेनफिकाच्या नोकरीत आला होता. शापलेल्या घरी कोणी बिऱ्हाड करते का? त्याला लोभी म्हणणारेही पुष्कळ. तेही मला पटत नाही. ज्याने एकदा पोटासाठी भाजी मागितली, तो आपल्या कष्टाचा भाव ठणकावून सांगणारच.

सौभाग्यवतींनी झारा खाली ठेवला. "म्हणजे बोनसच बुडवला की हो त्याचा! मग दिला असेल शाप, तर काय चुकलं?"