नीलगिरी, तंजावर आणि आम्ही दोघंच

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. या बत्तीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे कुठे गेलो, म्हणून मोजायला बसले तर एक बोट मुडपलं आणि दुसरं मुडपायला काही सापडेना. ते एक बोट म्हणजे लग्नानंतरचं महाबळेश्वर. त्यानंतर गोवा झालं, पंढरपूर झालं, तिरुपती दोनदा झालं. पण प्रत्येक वेळी बरोबर पोरं, खाण्याचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि कुणा ना कुणाची मावशी! यंदा हे निवृत्त झाले, मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायला लागलं. तेव्हा मीच म्हटलं, "अहो, गुडघे चालताहेत तोवर जाऊन येऊ या की कुठेतरी."

कुठे, यावर आठ दिवस गेले. मला डोंगर हवा होता. गार हवा, धुकं, हातात चहाचा कप, बस्स. यांना इतिहास हवा. तंजावरचा मराठी शिलालेख बघायचा हे यांनी शाळेत असल्यापासून मनात धरलेलं. शेवटी नकाशा उघडला तेव्हा लक्षात आलं, भांडायचं कारणच नाही. म्हैसूरहून उटीला चढायचं, पलीकडच्या बाजूने मेट्टुपाळयमला उतरायचं, कोइमतूरला आगगाडी धरायची की तिरुच्चीवरून थेट तंजावर. दहा दिवसांत दोन्ही होतं.

पुढचं सांगण्याआधी आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. वाचकांपैकी बऱ्याच जणींच्या घरात ती असेलच म्हणा. माझं माहेर धारवाडचं, कन्नड. बेळगावात सून म्हणून आले तेव्हा मला मराठीतलं 'या बसा' एवढंच येत होतं. दोन वर्षांत सासूबाईंशी मराठीत वाद घालण्याइतकी तयार झाले. आता हा मजकूरही मराठीतच लिहिते आहे. पोरांना दोन्ही भाषा येतात, कुठली कधी शिकली ते त्यांनाही सांगता येणार नाही. राहिले हे. यांची कन्नड 'गोत्तिल्ल' आणि 'बेड' या दोन शब्दांवर अडली ती अडलीच. सासरे सीमा चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्या घरात वाढलेल्या मुलाला कन्नड शिकणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटत असणार, हे मला कळायचं. म्हणून मीही आग्रह धरला नाही. पण धारवाडला गेलो की माझी आई विचारणार, "आराम इद्दीरी?" हे म्हणणार, "आराम, आराम." की संपलं! मग आई आत आणि हे वर्तमानपत्र घेऊन बाहेर. आई आता शहाऐंशीची आहे.

असो. राणी चन्नम्माने बंगळूर, तिथून म्हैसूर आणि सकाळच्या बसने बंडीपूर. हा रस्ता मी डोळे मिटू न देता पाहिला. बंडीपूर संपतं तिथे मुदुमलाईचं जंगल सुरू होतं, म्हणजे राज्य बदलतं, पण झाडांना त्याचं काही नाही. दोन हत्ती आणि कळपाने चितळं दिसली. रात्री नऊ ते सकाळी सहा हा रस्ता वाहनांना बंद असतो, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी वेळ बघून निघावं. स्वतःची गाडी नेणार असाल तर २०२४ पासून नीलगिरीत शिरायला ई-पास काढावा लागतो, निघण्यापूर्वी तेवढी चौकशी करा. आणि पाण्याची प्लास्टिकची बाटली तिथे चालत नाही. आम्ही घरून स्टीलची नेली होती, यांनी तीन वेळा "कशाला हे ओझं" म्हटलेली.

उटीतल्या लॉजबद्दल न बोललेलं बरं. गरम पाणी सकाळी सहा ते सात आणि तेही विनंतीवरून! तळ्यावर जत्रेसारखी गर्दी. मला आवडलं ते वनस्पती उद्यान, १८४८ साली आखलेलं. चढउताराची जागा असल्याने दर वीस पावलांवर बसायला निमित्त मिळतं.

दुसऱ्या दिवशी नीलगिरीचं सगळ्यांत उंच शिखर बघायला गेलो. उंची २६३७ मीटर आणि नाव दोड्डबेट्टा. पाटी वाचून मला हसूच आलं. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "अहो, दोड्ड म्हणजे मोठा, बेट्ट म्हणजे डोंगर."

"म्हणजे मोठा डोंगर? एवढंच नाव?" यांना फार साधं वाटलं ते. माणसांनी आपल्या दारच्या डोंगराला नाव देताना आणखी काय द्यायचं! पण तमिळनाडूतल्या शिखराला कन्नड कळणाऱ्या कुणालाही समजेल असं नाव कसं, याचं उत्तर खाली उतरताना मिळालं.

रस्त्याच्या कडेला एक आजी गाजरं विकत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, डोक्याला पांढरंच फडकं. शेजारच्या मुलीशी बोलत होत्या आणि त्यातले चारांतले दोन शब्द मला कळत होते! मी थांबले, कन्नडमधून गाजराचा भाव विचारला. आजी आधी चमकल्या, मग हसल्या आणि त्यांच्या भाषेत सुरूच झाल्या. त्या बडग समाजाच्या. बडग म्हणजे उत्तर. आपल्याकडे यक्षगानाचा 'बडगुतिट्टु' ऐकला असेल, तोच शब्द. काही शतकांपूर्वी उत्तरेकडून, म्हणजे म्हैसूरच्या बाजूने हे लोक डोंगरावर चढून आले असं मानतात. त्यांच्या गावांना ते हट्टी म्हणतात. कन्नडच्या अगदी जवळची त्यांची भाषा बरेच अभ्यासक आता स्वतंत्र भाषा मानतात, आणि आजींचं बोलणं ऐकून मलाही ते पटलं. ओळखीची वाट मध्येच वळून कुठेतरी निघून जावी तसं व्हायचं. तरी पोरं किती, गाव कुठलं, पाऊस कसा, गुडघ्याला काय लावता, सगळं झालं. वीस मिनिटं तरी गेली असतील.

आणि हे? हे गाजरांची पिशवी धरून उभे. एकदा आजींकडे बघत, एकदा माझ्याकडे. मध्येच हसायचे, पण चुकीच्या जागी.

बसमध्ये बसल्यावर बराच वेळ गप्प होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या माहेरी मी बत्तीस वर्षं असाच उभा आहे की गं."

मी काही बोलले नाही. पिशवीतलं एक गाजर पुसून दिलं.

उटीहून खाली उतरलो ते डोंगरी रेल्वेने. ही मात्र चुकवू नका, आणि आरक्षण फार आधी करा. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा मार्ग १८९९ ला सुरू झाला, उटीपर्यंत १९०८ ला आला, आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. सेहेचाळीस किलोमीटर अंतर, सोळा बोगदे, अडीचशे पूल. कुन्नूरपासून कल्लारपर्यंतचा उतार असा की साध्या रुळांवर चाक टिकणार नाही, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे. इंजिनाखालचं दात्यांचं चाक त्या पट्टीत अडकतं आणि गाडी दाता दाता मोजत उतरते. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला. चढताना ते मागून ढकलतं, उतरताना पुढे राहून डबे आवरून धरतं. यांना हे इतकं आवडलं की प्रत्येक थांब्यावर उतरून ते चाक वाकून बघायचे. कुन्नूरला वाफेचं इंजिन लागलं तेव्हा तर साठ वर्षांचा माणूस शाळेच्या सहलीला आल्यासारखा! उतरायला साडेतीन तास लागतात, चढायला पावणेपाच. चहाचे मळे, मग जंगल, मग एकदम अंगावर येणारा उकाडा. कानातली टोपी मेट्टुपाळयमला बॅगेत गेली ती गेलीच.

तंजावर तापलेलं होतं. बृहदीश्वराच्या देवळात आम्ही सकाळी सहाला गेलो आणि संध्याकाळी पुन्हा. राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पुरं केलं. दोनशे फुटांहून उंच विमान, सगळं ग्रॅनाइटचं. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं आम्हाला एकाने छातीठोकपणे सांगितलं. संध्याकाळी त्याच सावलीत आम्ही पाय पसरून बसलो होतो! समोरचा प्रचंड नंदी बघून माझ्या तोंडून 'बसवण्णा' निघून गेलं.

आणि मग यांचा शिलालेख. देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर, नैर्ऋत्येच्या बाजूला, दगडात ओळीच्या ओळी. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास. सभोवार तमीळ कोरीव लेख आणि मध्येच आपली देवनागरी. यांनी चष्मा पुसला आणि बोट हवेत धरून वाचायला लागले. जुनी मराठी, अक्षरं जवळजवळ. अडखळत, मागे जात, पुन्हा सुरुवात करत. एरवी पेपरातला अग्रलेख फाडफाड वाचणारा माणूस! मी मागे उभी. मला देवनागरी वाचता येते, पण तिथे मला घाई नव्हती.

हे भोसले तंजावरला कसे, तर त्याची वाट आपल्याच मुलखातून जाते. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती; त्यांचा अंत झाला तो १६६४ मध्ये चन्नगिरीजवळच्या होदिगेरेला, समाधीही तिथेच. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी बंगळूरहून विजापूरच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि १६७५च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. पुढे १८५५ पर्यंत हे घराणं टिकलं. सत्ता खरी १७९९ लाच इंग्रजांकडे गेली होती, पण सरफोजींनी उरलेल्या आयुष्यात पोथ्या जमवल्या. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमीळ, तेलुगू, मराठी अशा हजारो पोथ्या आणि मोडीचे कागद आहेत. याच घराण्यातल्या शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटकं लिहिली, सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'आधी दीडशे वर्षं!

ग्रंथालयाच्या संग्रहालयात एका पोथीवरून आमचं बोलणं चाललं होतं. शेजारच्या गृहस्थांनी मान वळवली. कपाळाला गंध, पांढरी वेष्टी. "तुम्ही मराठी?" असं मराठीत विचारलं. सूर पुरता तमीळ, काही शब्द आमच्या पणजीच्या काळातले वाटावे असे. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, म्हणजे अशाच तंजावरी मराठी लोकांपैकी. यांना त्या गृहस्थांना सोडवेना. घरात काय बोलता? मराठी. मुलं? मुलंही, थोडी कमी. मग यांनी विचारलं, "पण तमीळ शिकायला जड गेलं नाही?"

त्या गृहस्थांना प्रश्नच कळला नाही. "शिकायचं कसलं?" म्हणाले, "ती येतेच की. इथलेच आम्ही."

हे मान हलवून "बरोबर, बरोबर" म्हणाले. त्या संध्याकाळी जेवताना सांबाराच्या उगमाची, संभाजीराजांच्या नावाची ती नेहमीची कथा सांगतील म्हणून मी वाट बघत होते. सांगितली नाही. त्याऐवजी, "नोडिदिवि म्हणजे पाहिलं ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे नोडिद्वि म्हणतात." बरं म्हणाले आणि पुन्हा भात मागितला.

परतीला बंगळूरहून रात्रीची गाडी. सकाळी मी बेळगावपर्यंत झोपायच्या तयारीत, तर धारवाडला यांनी बॅगा खाली काढल्या. "उतर. दोन तास थांबू, मग बसने जाऊ."

आई अंगणात तुळशीपाशी होती. हे चपला काढायच्या आधीच उभ्या उभ्या म्हणाले, "अव्वा, दोड्ड बेट्ट नोडिद्वि." वाटेत पाठ केलं असणार. आई नुसती बघत राहिली. कुणी काही बोलेना. मग म्हणाली, "बेट्ट अल्लप्पा. नम्म कड गुड्ड अंतारी."

खरंच की! सौंदत्तीच्या यल्लम्माचाही गुड्डच. डोंगराचा आपल्या भागातला शब्द मी नवऱ्याला सांगायचाच विसरले होते.

"गुड्ड," हे म्हणाले.

"हां, गुड्ड."

मग यांनी बॅगेतून तंजावरची मान डोलावणारी मातीची बाहुली काढून तिच्यासमोर ठेवली आणि दुकानदाराकडून ऐकलेलं "बोम्मै" म्हणून दाखवलं. आईने तिच्या डोक्याला टिचकी मारली. बाहुली डुलायला लागली. "गोंबी," आईने तेही दुरुस्त केलं आणि चहा टाकायला मला आत पाठवलं. आतून ऐकू येत होतं, ती एकेक वस्तू दाखवत होती आणि हे मागोमाग म्हणत होते. आमची अकराची बस चुकली.