जमाखर्चाची वही आणि खेळाचे मैदान

व्यापारी घरात वाढणारे मूल एक गोष्ट कोणी न शिकवताही शिकते. दिवस मावळला, दुकानाच्या फळ्या लागल्या, की गल्ला मोजायचा आणि कीर्द लिहायची. विक्री भरघोस झाली म्हणून कीर्द लिहिणे चुकत नाही आणि दिवस मंदीचा गेला म्हणून ते टाळताही येत नाही. तोटा लपवला तर वही खोटी होते, आणि खोट्या वहीवर पेढी फार दिवस चालत नाही. हीच शिस्त खेळाच्या मैदानावर नेणाऱ्या एका तरुणीची कथा आजच्या लेखात आपल्या युवकांसाठी, आणि तितकीच त्यांच्या मातापित्यांसाठी, सांगावयाची आहे.

तिचे नाव ग्वेन जॉर्गेन्सन. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1986 साली तिचा जन्म झाला. विद्यापीठात असताना ती पोहण्याच्या व धावण्याच्या स्पर्धांत उतरे. मात्र शिक्षण लेखाशास्त्राचे. पदव्युत्तर अभ्यास पूर्ण करून ती मिलवॉकी येथे एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत करविषयक काम करू लागली. अशा वेळी 2010 मध्ये अमेरिकेच्या ट्रायथलॉन संघटनेने तिला या खेळात येण्याचे सुचविले. प्रथम 1.5 किलोमीटर पोहणे, लगेच 40 किलोमीटर सायकल आणि शेवटी 10 किलोमीटर धावणे, असा हा ऑलिंपिकमधील खेळ आहे. मध्ये विसावा नाही. कपडे व साधने बदलण्याचा वेळही एकूण वेळेतच धरला जातो. पोहणे आणि धावणे तिला येत होते. शर्यतीची सायकल मात्र सर्वस्वी नवी. आरंभी नोकरी सांभाळूनच तिने सराव केला. पुढल्याच वर्षी लंडनमधील स्पर्धेत दुसरी येऊन तिने ऑलिंपिकची पात्रता मिळविली.

इतके झटपट यश पाहून कोणालाही वाटावे की पुढचा मार्ग सरळ आहे. पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सायकलचे चाक पंक्चर झाले आणि ती 38 व्या क्रमांकावर राहिली. चाक पंक्चर होणे हा कर्मयोग म्हणता येईल. त्याला दोष देऊन स्वस्थ बसणे सोपे होते. तिने ते केले नाही. केवळ उपजत वेगावर या खेळात टिकता येणार नाही, हे ओळखून तिने घर सोडले आणि ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग येथे प्रशिक्षक जेमी टर्नर यांच्या पथकात ती दाखल झाली.

येथे थोडे थांबून विचार करू या. एकट्याने सराव करणाऱ्याला आपल्या सोयीने उठता येते, जे जमते तेच पुन्हापुन्हा करता येते. पथकात तसे चालत नाही. तेथे वेळ सर्वांची एक, आणि आपली उणीव रोज सर्वांसमोर उघडी पडते. टर्नर यांच्या पथकात निरनिराळ्या देशांचे खेळाडू होते. सकाळी जो सोबती, तोच स्पर्धेच्या दिवशी प्रतिस्पर्धी. धावण्यात कोणालाही मागे टाकणारी ग्वेन घोळक्यात सायकल चालवताना, वळण घेताना, उतारावर वेग सांभाळताना मात्र नवशिकी ठरे. ज्याला एका क्षेत्रात मान मिळालेला आहे, त्याने दुसऱ्या क्षेत्रात सर्वांच्या मागे उभे राहून शिकणे, हा अहंकाराचा मोठाच उपवास आहे. अन्नाचा उपवास आपल्याकडे लहान मुलेही आनंदाने करतात. हा उपवास मोठ्यांनाही जड जातो.

पथकात तिला सर्वाधिक उपयोगी पडली ती तिची वही. रोजच्या सरावानंतर आज काय चांगले जमले आणि काय सुधारावयास हवे, हे ती लिहून ठेवी. लेखापालाचा हात तो. जमेची बाजू फुगवायची नाही आणि नावेची बाजू दडवायची नाही. आपल्या प्रतिक्रमणाचा आशय जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दिवसाचे, पक्षाचे, चातुर्मासाचे आणि संवत्सराचे, अशा क्रमाने आपल्या पूर्वसूरींनी आत्मपरीक्षणाची जी व्यवस्था लावून दिली, तिचा हेतू आत्म्याच्या शुद्धीचा आहे आणि खेळाचा हेतू लौकिक आहे, हे खरे. तथापि दोष त्याच दिवशी पाहावा, तो साचू देऊ नये, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

वही लिहिली म्हणून अपयश थांबते असे नाही. 2013 मध्ये तिने जागतिक मालिकेतील तीन शर्यती जिंकल्या, परंतु वर्षअखेरच्या निर्णायक स्पर्धेत, त्याच लंडन शहरात, ओल्या रस्त्यावर ती सायकलवरून पडली आणि शर्यत पुरी करू शकली नाही. हाताशी आलेले जगज्जेतेपद गेले. या पडण्याची नोंद मात्र वाया गेली नाही. वळणांचा, ओल्या रस्त्याचा, घोळक्यातील जागेचा सराव अधिक नेटाने सुरू झाला. परिणामी 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षे ती जगज्जेती ठरली आणि जागतिक मालिकेत तिने सलग 12 शर्यती जिंकल्या. एप्रिल 2016 मध्ये गोल्ड कोस्ट येथे ब्रिटनच्या हेलन जेन्किन्सने ही मालिका खंडित केली. ऑलिंपिक चार महिन्यांवर असताना आलेला तो पराभवही तिच्या वहीत नोंदण्याजोगाच होता.

20 ऑगस्ट 2016 रोजी रिओच्या कोपाकाबाना किनाऱ्यावर शर्यत झाली. सायकलच्या मार्गात तीव्र चढ-उतार होते, आणि गतविजेती निकोला स्पिरिग पुन्हापुन्हा वेग वाढवून इतरांना थकवीत होती. चार वर्षांपूर्वीची ग्वेन येथेच मागे पडली असती. या वेळी ती आघाडीच्या घोळक्यात टिकून राहिली. धावण्याच्या अखेरच्या टप्प्यात ती पुढे निघाली आणि 1 तास 56 मिनिटे 16 सेकंदांत, 40 सेकंदांच्या अंतराने जिंकली. ट्रायथलॉनमधील अमेरिकेचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. त्याच शर्यतीत कांस्यपदकासाठी विकी हॉलंड आणि नॉन स्टॅनफर्ड या एकाच घरात राहणाऱ्या, एकत्र सराव करणाऱ्या दोन ब्रिटिश मैत्रिणी शेवटच्या क्षणापर्यंत झुंजल्या. हॉलंडला पदक मिळाले, स्टॅनफर्ड चौथी आली. एकमेकींना घडविणाऱ्यांनीच एकमेकींशी स्पर्धा करावी आणि मनात वैर येऊ देऊ नये, हाच पथकाचा खरा संस्कार.

या यशामागे एक घरही होते, हे विसरता येणार नाही. तिचे पती पॅट्रिक लेम्यू हे स्वतः व्यावसायिक सायकलपटू. त्यांनी आपली कारकीर्द बाजूला ठेवून तिच्या आहाराची व प्रवासाची जबाबदारी उचलली. पेढी एका नावाने चालते, पण तिच्यामागे अनेकांचे हात असतात, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आज आपल्या घरांतील मुले-मुलीही पोहणे, धावणे, सायकल यांकडे वळत आहेत. कोणी वसतिगृहात राहून सराव करतो, कोणी पहाटे उठून तलाव गाठतो. त्यांच्या पहिल्या महिन्यांत घरून येणारा प्रश्न बहुधा एकच असतो: "कितवा आलास?" हा प्रश्न गल्ला मोजण्यासारखा आहे, तो विचारू नये असे कोण म्हणेल? परंतु गल्ल्याच्या आकड्यावरून धंदा कळत नाही, तो कीर्दीवरून कळतो. म्हणून मुलगा शर्यतीहून परतला की त्याला जेवू घालावे, विसावा द्यावा आणि मग शांतपणे विचारावे: "आज नवे काय कळले? उद्या काय सुधारशील?" आणि युवकांनो, तुम्हीही एक साधी वही घ्या. रोज झोपण्यापूर्वी तीत दोन ओळी जमेच्या आणि दोन ओळी नावेच्या लिहा. वर्षाअखेरीस ताळेबंद मांडाल तेव्हा पदक असो वा नसो, आपण कोठे होतो आणि कोठे आलो, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.

जय जिनेंद्र.