बारीक म्हणजे निरोगी नव्हे!

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला चारजणी जमल्या की वजनाचा विषय निघतोच. "तुमचं बरं आहे बाई, काहीही खा, अंगाला लागत नाही!" असं बारीक बाईला हमखास ऐकवलं जातं. तिलाही ते पटतं. मग दुपारच्या चहाबरोबर खारी, रात्री उरलेला भात. आणि रक्ततपासणी? छे, ती जाड माणसांनी करायची!

इथंच आपण फसतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

आपल्यापैकी पुष्कळांची ठेवण अशीच असते. हातपाय काटकुळे, चरबी मात्र पोटात आणि यकृतात. त्यामुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही नि साखर रक्तात रेंगाळते. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही.

तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता मोजा. बायकांची कंबर ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच), पुरुषांची ९० (साडेपस्तीस इंच) याहून जास्त भरली, किंवा आईवडिलांना मधुमेह असला, तर उपाशीपोटी साखर तपासून घ्या. १०० च्या आत असली तर ठीक. अधिक आली तर डॉक्टरांना दाखवा.

ताटाचा नियम मात्र जाड-बारीक सर्वांना एकच. भात थोडा, उसळ किंवा घट्ट वरण भरपूर, भाजी-कोशिंबीर रोज; खारीऐवजी मूठभर फुटाणे. जाड मैत्रिणींनो, हिरमुसू नका. काटा हलायला वेळ लागतो, पण ताट सुधारलं आणि रोज चालणं ठेवलं, की साखर त्याआधीच उतरू लागते. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर असा बदल डॉक्टरांना विचारून करा, बरं का!

आणि एक. घरात शेवटी जेवते ती आपणच. तोवर उसळ संपते आणि उरतो तो भात. तेव्हा आज पानं वाढायच्या आधीच एक वाटी उसळ स्वतःसाठी बाजूला काढून ठेवा.