नांव मिरविणारे आणि काम पाहणारे

"एवढे पैसे मोजायचे होते, तर मग स्विस कां नाहीं घेतलें?" हा प्रश्न ऐकल्यावांचून, मनगटावर ग्रँड सेइको बांधलेल्या मराठी गृहस्थास लग्नाच्या मांडवांतून परत येतां येत नाहीं. विचारणारा बहुधा चांगला शिकलेला असतो, चार देश हिंडलेला असतो. फक्त त्यानें घड्याळाकडे पाहिलेलें नसतें. तबकडीवरचें नांव वाचलेलें असतें, एवढेंच. माझ्या मनगटावर तसलें एक घड्याळ आहे. तेव्हां हें लिहिणें पक्षपाताचें ठरविण्यास वाचक मोकळे आहेत. परंतु वाद माझ्या घड्याळापुरता असता तर मीं लेखणी उचलली नसती. वस्तूचें मोल ठरवितांना आपण स्वतःचा डोळा वापरतों कीं दुसऱ्याची ऐकीव कीर्ति, असा हा वाद आहे.

ह्या पूर्वग्रहाचें मूळ शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं आपल्या बाजारांत 'जपानी माल' म्हणजे स्वस्त, दिखाऊ आणि लवकर मोडणारा माल, असा त्या शब्दांचा अर्थच होऊन बसला होता. आजोबांनीं तो बापाच्या कानांत घातला आणि बापानें मुलाच्या. मौज ही, कीं ज्या घरांत हा वाक्प्रचार चालला, त्याच घरांतील वडील माणसें एचएमटीच्या घड्याळाला रोज नेमानें किल्ली देत आणि तें स्वदेशी म्हणून अभिमानानें मिरवीत. एचएमटीचा बंगळूरचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्यें उभा राहिला, तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें! जपानी विद्येच्या भरंवशावर आपण वर्षानुवर्षें आगगाड्या गांठल्या आणि जपानी नांव ऐकतांच नाकहि मुरडलें.

आतां ह्या 'माला'ची हकीकत पाहूं. हात्तोरी किन्तारो यानें १८८१ मध्यें टोकियोंत घड्याळांचें दुकान थाटलें, १८९२ मध्यें सेइकोशा हा कारखाना काढला, आणि १९१३ मध्यें जपानांतील पहिलें मनगटी घड्याळ, 'लॉरेल', तेथें तयार झालें. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगींत कारखाना जळाला; दुरुस्तीसाठीं आलेलीं गिऱ्हाइकांचीं सुमारें १५०० घड्याळें त्यांत गेलीं. हात्तोरीनें त्यांच्या बदली नवीं घड्याळें फुकट दिलीं. ह्या परंपरेंत १९६० मध्यें पहिलें ग्रँड सेइको निघालें. त्याची किंमत होती २५,००० येन. नुकत्याच पदवीधर झालेल्या जपानी तरुणाच्या मासिक वेतनाच्या जवळजवळ दुप्पट. स्वस्ताईशीं त्याचा संबंध जन्मापासूनच नव्हता.

आणि स्विस लोकांच्या निकालावरच ज्यांची भिस्त आहे, त्यांनीं तोहि ऐकावा. १९६४ मध्यें नूशातेल येथील वेधशाळेच्या स्पर्धेंत सेइकोच्या मनगटी घड्याळास १४४ वा क्रमांक मिळाला. चार वर्षांनीं, १९६८ मध्यें, जिनीव्हाच्या वेधशाळेंत मनगटी घड्याळांच्या स्पर्धेंत ४ पासून १० पर्यंतचे क्रमांक सेइकोनेंच पटकावले. परीक्षा स्विस, परीक्षक स्विस. जें त्या वेधशाळेनें मोजून मान्य केलें, तें मान्य करण्यास आमच्या मांडवांतील पंडितांना अद्याप धैर्य होत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. खिशांतील मोबाईल ह्या घड्याळापेक्षां अचूक वेळ सांगतो. मग लाखांनीं रुपये खर्चणें ही मिरवणूक नव्हे तर काय? पहिला भाग निर्विवाद आहे. किंबहुना ती अचूकता मनगटावर आणण्यांत ह्याच लोकांचा पुढाकार होता. २५ डिसेंबर १९६९ रोजीं सेइकोनें 'अ‍ॅस्ट्रन' हें क्वार्ट्झवर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ ४,५०,००० येनांस विक्रीस काढलें. पुढें क्वार्ट्झ इतकें स्वस्त झालें, कीं त्या पुरांत त्यांचें स्वतःचें ग्रँड सेइकोहि कांहीं वर्षें बंद पडलें. तें १९८८ मध्यें पुन्हां सुरू झालें, आणि यांत्रिक ग्रँड सेइको नव्या यंत्रासह १९९८ मध्यें परत आलें. ज्यांनीं अचूकता सर्वांच्या हातीं दिली, तेच कमानीकडे आणि दांतेरी चक्रांकडे कां वळले? वेळ समजणें ही गरज आहे. ती भागल्यावर, ती किती सुंदर रीतीनें भागवितां येईल, हा प्रश्न शिल्लक राहतो. पाणी पिण्यास पत्र्याचा डबा पुरतो. म्हणून घडीव तांब्याला कोणी मिरवणूक म्हणत नाहीं.

ह्या प्रश्नाचें एक उत्तर 'स्प्रिंग ड्राइव्ह' ह्या यंत्रांत सांपडतें. आकाहाने योशिकाझु ह्या अभियंत्याला ही कल्पना १९७७ मध्यें सुचली. कमान उलगडते आणि चक्रें फिरवते, हें जुन्या घड्याळासारखेंच. मात्र टिकटिक करणाऱ्या भागाच्या जागीं एक बारीक चाक सेकंदास आठ वेळां फिरतें. त्या फिरण्यांतून चिमूटभर वीज निर्माण होते, त्या विजेवर स्फटिकाचें कंपन चालतें, आणि त्या कंपनाशीं ताडून चुंबकानें चाकास लगाम घातला जातो. बॅटरी नाहीं. दिवसाकाठीं चूक एका सेकंदाच्या आंत. पहिलीं घड्याळें १९९९ मध्यें विक्रीस आलीं. आकाहाने त्याच्या आदल्या वर्षींच वारला होता. एका सेकंदाच्या काट्याला धक्का न खातां, पाण्यावरून नांव सरकावी तसें सरकतां यावें, ह्यासाठीं वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

हें घड्याळ उन्हांत धरून पाहावें. शिओजिरीच्या कारखान्याभोंवतालच्या डोंगरांत वाऱ्यानें बर्फावर ज्या लहरी उमटतात, त्या तबकडीवर उतरविल्या आहेत. आणि तिचा शुभ्रपणा पांढऱ्या रंगाचा नसून चांदीच्या मुलाम्याचा आहे. त्यावरून निळा काटा वाहत असतो. अंगाच्या कडा कारागिरानें फिरत्या चकतीवर हाताच्या दाबाच्या अंदाजानें अशा घासल्या आहेत, कीं त्यांत प्रतिबिंब जरासुद्धां वांकत नाहीं. दहा पावलांवरून ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच मिरविणारास हें घड्याळ निरुपयोगी आहे.

येथें स्वपक्षीयांसहि दोन शब्द सुनावले पाहिजेत. घड्याळ घेऊन, त्यावरची पारदर्शक पट्टीहि न सोलतां, तें तिजोरींत ठेवणारे आणि उद्यां काय भाव येईल ह्याची चौकशी करणारे गृहस्थ आमच्यांत वाढूं लागले आहेत. 'स्विस कां नाहीं' म्हणणाऱ्याचे हे सख्खे भाऊ होत. त्यानें नांव वाचलें, ह्यांनीं पावती वाचली. घड्याळ दोघांनींहि पाहिलें नाहीं. उलट, ज्याला तें विकत घेण्याची ऐपत नाहीं पण जो दुकानाच्या कांचेशीं पांच मिनिटें उभा राहून त्या कडा न्याहाळतो, तोच माझ्या मतें त्याचा अधिक खरा धनी.

ही चैनीच्या वस्तूची चर्चा घरच्या गोष्टींपर्यंत येऊन पोंचते, म्हणून ती करावयाची. ज्याला काम पाहतां येत नाहीं, तो मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात फिरवून दोन हजार कमी करण्याची घासाघीस करतो, येवल्याच्या हातमागावरील पैठणी आणि यंत्रावरची नक्कल यांत त्याला भेद दिसत नाहीं, आणि परदेशी नांवाच्या पिशवीला मात्र तो निमूटपणें सांगतील तेवढे पैसे मोजतो. अशा गिऱ्हाइकांच्या समाजांत कारागिराचा मुलगा बापाचा धंदा कां धरील? जपानांत हीं माणसें टिकलीं, त्याचें एक कारण, त्यांचें काम ओळखणारीं माणसें टिकलीं, हें आहे.

तेव्हां पुढच्या लग्नांत कोणी तोच प्रश्न विचारला, तर वाद घालूं नये. घड्याळ काढून त्याच्या तळहातावर ठेवावें, त्याला मांडवाच्या कडेला उन्हांत न्यावें, आणि निळा काटा एक फेरा पुरा करीपर्यंत गप्प राहावें. एक मिनिट लागतें. तेवढें जो खरोखर पाहील, तो मग स्विस घेवो कीं जपानी, माझी कांहीं तक्रार नाहीं.