पडद्यामागे इंटरनेट कोण खातंय?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या लेकीच्या प्रवेश-अर्जाचा शेवटचा दिवस होता. मगरिबनंतर घरातला जुना लॅपटॉप उघडला, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला आणि गुणपत्रिका, दाखला, फोटो अशी सगळी कागदपत्रं समोर घेऊन बसलो. अर्ध्या तासात अर्ज निम्माच भरून झाला आणि इंटरनेट थांबलं. मोबाइलवर संदेश आला की दिवसाचा दीड जीबी डेटा संपला. आम्ही तर एकच पान उघडलं होतं! मग दीड जीबी गेला कुठे?

शेजारच्या चाचींच्या मुलाने त्याच्या फोनवरून हॉटस्पॉट दिला, म्हणून अर्ज वेळेत गेला. पण लेकीचा रडवेला चेहरा आम्ही विसरलो नाही. पुढच्या रविवारी भाचा आला, त्याने लॅपटॉप पाहिला आणि हसून म्हणाला, "मामू, तुम्ही एकच पान उघडलं होतं, पण लॅपटॉप मागे दहा कामं करत होता." शादीचे शेकडो फोटो आणि व्हिडिओ एक सॉफ्टवेअर गुपचूप इंटरनेटवर चढवत होतं. ते आम्हीच कधीतरी 'होय, होय' म्हणत सुरू करून ठेवलं होतं. दोष यंत्राचा नव्हता, आमचाच होता.

त्या दिवशी जे शिकलो ते आज वाचकांसमोर ठेवतो. हे विंडोज असलेल्या संगणकासाठी आहे.

सर्वात आधी चोर ओळखायचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. सुरू असलेल्या प्रत्येक कामाची ही हजेरीच समजा. त्यात 'नेटवर्क' या शब्दावर क्लिक केलं की जास्त इंटरनेट वापरणारं नाव वर येतं. तिथला आकडा मेगाबिटमध्ये असतो. 8 मेगाबिट म्हणजे 1 मेगाबाइट. एखाद्या कामासमोर सतत 8 दिसत असेल, तर सेकंदाला 1 एमबी जातो आणि दीड जीबी साधारण 25 मिनिटांत संपतो. आमचं कोडं या एका हिशेबानेच सुटलं.

नको असलेलं नाव निवडून 'एंड टास्क' केलं की ते थांबतं. मात्र त्यात न जतन केलेलं काम असेल तर ते जाईल, हे लक्षात ठेवा. शिवाय हा उपाय तात्पुरता आहे. पुष्कळ सॉफ्टवेअर संगणक सुरू होताच पुन्हा उठून बसतात. त्यासाठी टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हा भाग आहे. तिथे गेम, फोटोचे अॅप, कधीच न वापरलेलं चॅटिंगचं अॅप असं जे दिसेल त्यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. सॉफ्टवेअर निघून जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. ब्राउझरचंही पाहा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' या भागात, क्रोम बंद केल्यावरही मागे अॅप चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो बंद करावा.

हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग वाय-फाय, मग आपल्या हॉटस्पॉटच्या नावाखाली 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करावं. म्हणजे विंडोजला कळतं की हा डेटा मोजून मिळतो, आणि बहुतेक अपडेट ते आपोआप उतरवत नाही. प्रत्येक हॉटस्पॉटसाठी हे वेगळं करावं लागतं. विंडोज अपडेटच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. तिथे दुसऱ्या संगणकांशी अपडेटची देवाणघेवाण सुरू असेल, तर आपला डेटा परक्यांना फाइल पोहोचवण्यातही जाऊ शकतो. तेही बंद ठेवा.

आता सावधगिरीचं. चोर शोधताना घरचा पहारेकरी हाकलू नका. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे नाव संगणकाला कामाला लावताना दिसेल, पण ते विंडोजचं व्हायरसपासूनचं संरक्षण आहे. 'सर्व्हिस होस्ट' नावाच्या अनेक ओळी दिसतील. त्यांनाही हात लावू नये. एखादं नाव अनोळखी वाटलं तर त्यावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'ने ते कोणत्या फोल्डरमधून चालतं ते पाहा. शंका राहिली तर 'विंडोज सिक्युरिटी'तून 'फुल स्कॅन' करा. आणि 'संगणक वेगवान करून देतो' म्हणणारं मोफत सॉफ्टवेअर घेऊ नका. एक पाहुणा घालवायला दुसरा घरात घेतल्यासारखं होतं.

अपडेट कायमचे बंद करणं तर मुळीच शहाणपणाचं नाही. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. आम्ही महिन्यातून एकदा लॅपटॉप भावाच्या घरी नेतो. तिथे ब्रॉडबँड आहे. चहा होईपर्यंत अपडेट उतरतात.

यंदा धाकट्याचा अर्ज त्याच लॅपटॉपवरून, त्याच दीड जीबीत भरला. भरून झाल्यावर लेकीनेच मोबाइल पाहून सांगितलं, "अब्बा, अजून एक जीबीहून जास्त शिल्लक आहे." अर्जाच्या शेवटच्या तारखेची वाट न पाहता, आजच एकदा आपल्या संगणकाची हजेरी घेऊन पाहा.