‘का?’चं उत्तर मुलीलाही मिळू द्या

जाम चौरस्त्यावर राहणाऱ्यांना नागपूर काही लांब नाही. सकाळी डबा बांधून निघालं, तर दिवसभर फिरून संध्याकाळी घरी परतता येतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तसेच निघालो. सोबत माझी नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्याहून वर्षभराने लहान असलेला माझा भाचा. ठिकाण ठरलेलं होतं, रमण विज्ञान केंद्र. 1992 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात मी स्वतः शाळेच्या सहलीतून गेले होते. आता मुलांना दाखवायचं होतं.

विज्ञान केंद्रांत एक मांडणी हमखास असते. खुर्चीवर बसायचं आणि गडगड्यांवरून आलेला दोर ओढत स्वतःलाच वर उचलायचं. एका खुर्चीला गडगड्या कमी, दुसरीला जास्त. भाचा बसला आणि मी त्याच्याशेजारी उभी राहून सांगू लागले, ‘‘बघ, इथे गडगड्या जास्त आहेत ना, म्हणून तुला कमी जोर लावावा लागतोय.’’ मग मुलीची पाळी आली. तिला मी म्हणाले, ‘‘घट्ट धर, पडशील. आता इकडे बघ, फोटो काढते.’’

ती उतरली आणि तिने विचारलं, ‘‘आई, आजीच्या विहिरीवर पण गडगडी आहे. मग तिथली बादली हलकी का नाही लागत?’’

मी म्हणाले, ‘‘चल गं, पुढे खूप बघायचंय.’’

परतीच्या वाटेवर जामला चहासाठी थांबलो, तेव्हा तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग माझ्या लक्षात आलं, की भाच्याने काहीच विचारलं नव्हतं, तरी त्याला मी कारण सांगितलं. मुलीने नेमका प्रश्न विचारला, तर तिला पुढे ढकललं. दिवसभर पाण्याच्या बाटल्यांची पिशवीही तिच्याच खांद्यावर होती. आणि मी स्वतः बीएस्सी झालेली!

ही फक्त माझीच चूक असती, तर हा लेख लिहिला नसता. अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधल्या एका बालसंग्रहालयात केव्हिन क्राउली, मॉरीन कॅलनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडण्या हाताळणाऱ्या कुटुंबांचं निरीक्षण केलं. तो अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र कसं चालवायचं, काय दिसतंय, याबद्दल पालक मुलगा आणि मुलगी दोघांशी सारखंच बोलत होते. पण ते तसं का होतं, हे समजावून सांगण्याचं प्रमाण मुलग्यांच्या बाबतीत तिप्पट होतं. हे पालक मुद्दाम भेद करत होते, असं कुणी म्हणत नाही. ते नकळतच घडत होतं, आणि तेही मुलं शाळेत विज्ञान शिकायला लागण्याच्या आधीच.

तो अभ्यास तिकडच्या कुटुंबांचा आहे. आपल्याकडेही आकडा तोच निघेल, असा दावा मी करणार नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या विज्ञान केंद्रात गेलात, तर कोपऱ्यात पाच मिनिटं उभं राहून आजूबाजूच्या घरांकडे बघा. कुणाला ‘हे बघ, असं का होतं’ म्हणतात आणि कुणाला ‘नीट उभी राहा’ म्हणतात, ते ऐका.

ज्यांच्या नावाने हे केंद्र आहे, त्या सर सी. व्ही. रामन यांचीही एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1933 मध्ये मुंबईच्या कमला भागवत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी प्रवेश मागायला गेल्या. गुणवत्ता होती, पण केवळ स्त्री म्हणून संचालक रामन यांनी नकार दिला. कमलाबाई अडून बसल्या. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला आणि वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचं मत बदललं. पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. दुर्गाबाई भागवतांच्या या बहिणीला आपण कमला सोहोनी म्हणून ओळखतो. एवढ्या थोर वैज्ञानिकाकडूनही ही चूक झाली, तर आपल्याकडून होणारच. ती त्यांनी सुधारली, हे मात्र आपण घ्यायला हवं. आणि प्रत्येक मुलगी कमलाबाईंसारखी अडून बसत नाही. बहुतेक जणी दोनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा गप्प बसतात.

म्हणून अशा सहलीला जाताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. सगळं केंद्र एका दिवसात संपवायचा हट्ट नको. पाच मांडण्या निवांत हाताळल्या, तरी पुष्कळ झाल्या. आधी मुलांना करू द्यावं, मग ‘तुला काय वाटतं, असं का होत असेल?’ असं दोघांनाही विचारावं. फोटो शेवटी काढावा. पिशवी आळीपाळीने धरावी. उत्तर येत नसेल, तर ‘मलाही माहीत नाही, घरी जाऊन शोधू’ म्हणावं. त्याने आईबापांची किंमत कमी होत नाही.

आणि यासाठी दर वेळी नागपूर गाठायलाच हवं, असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चरखा आणि ग्रामोद्योगाची अवजारं हीसुद्धा यंत्रंच आहेत. चरख्याचं मोठं चाक एकदा फिरलं, की चाती कितीतरी वेळा फिरते, ती का, हा प्रश्न गडगडीइतकाच चांगला आहे.

पुढच्या रविवारी मी मुलीला घेऊन आजीच्या विहिरीवर गेले. वरती पक्की बसवलेली एकच गडगडी बादलीचं वजन कमी करत नाही, ती फक्त ओढण्याची दिशा बदलते. आपण खाली ओढतो, त्यामुळे अंगाचा भार कामी येतो, एवढाच फायदा. वजनासोबत वर-खाली सरकणारी गडगडी जोडली, तर ते वजन दोन दोरांत वाटलं जातं. जोर निम्मा लागतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो.

तिने दोर हातात घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘म्हणजे फुकट काहीच मिळत नाही.’’

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे समजायला मला बारावी उजाडली होती. तिचा तो प्रश्न मी नागपूरलाच जवळजवळ हरवून आले होते. घरोघरी असे किती हरवत असतील?