हिवाळ्याचे लाडू

कार्तिकी पौर्णिमा आली की साधू-साध्वीजींचा विहार सुरू होतो, शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते आणि आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरांत मेथी व कोथिंबीर परत येते. फाल्गुनी चौमासीपासून वर्ज्य असलेली पालेभाजी, तीळ आणि खजूर आठ महिन्यांनी ताटात दिसू लागतात. बाजारात जे बारा महिने मिळते ते चारच महिने खायचे, हा नियम नव्या पिढीला कठोर वाटतो. मला मात्र वाटते की, आपल्या घरांतून हिवाळी पदार्थांची आठवण इतकी गडद राहते, त्याला थंडीइतकेच हे आठ महिन्यांचे थांबणेही कारण आहे.

आमचा व्यापार गुळाचा, पुण्यात भवानी पेठेत. नव्या हंगामाची कोल्हापुरी ढेप आली की पहिली घरी यायची, ती बांच्या मेथीच्या लाडवांसाठी. (आजीला आम्ही बा म्हणत असू.) कडूपणा उतरावा म्हणून मेथीचे पीठ बा चार दिवस तुपात भिजवून ठेवीत. मग खमंग भाजलेली कणीक, तुपात फुलवलेला डिंक, किसलेले खोबरे, सुंठ आणि गंठोडा. ओले आले कंद म्हणून वर्ज्य, वाळलेली सुंठ चालते. खसखस बहुबीज, म्हणून तीही नाही. शेजारच्या काकू हसत, “खसखशीवाचून डिंकाचा लाडू कसला हो बा?” आणि जाताना दोन लाडू पदराआड नेत.

परंतु या लाडवांची खरी कथा त्यांच्या मुदतीत आहे. आपल्याकडे मिठाईचा काळ हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15 दिवसांचा मानतात. बा डब्यावर तिथीची चिठ्ठी डकवीत. एकतिसाव्या दिवशी एकही लाडू उरता कामा नये आणि विसाव्या दिवशी डबा रिकामाही होता कामा नये. म्हणून दर खेपेला, म्हणजे हिवाळ्यात तीन-चार वेळा, त्या माणसे मोजीत.

मी शाळेत असताना बाबांची आणि मोठ्या काकांची वाटणी झाली. जुना तराजू कोणाकडे जावा, एवढ्यावरच दोन महिने गेले. बा आमच्याकडे राहिल्या. त्या मार्गशीर्षात त्यांनी माणसे मोजली ती पूर्वीइतकीच, एकोणीस. कोणी काही विचारले नाही. लाडवांचे दोन डबे भरले गेले आणि त्यांतला एक घेऊन मी दोन गल्ल्या ओलांडून काकांकडे गेलो. भरून आलेला डबा रिकामा परत पाठवण्याची रीत आपल्यात नाही. मोठ्या काकूंनी त्यात तीळपापडी घालून दिली. पुढे कित्येक वर्षे दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण महिन्याच्या महिन्याला डबा जात होता आणि येत होता.

थंडीत पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे चौविहारासाठी जेवणाचा डबा पाच वाजताच बाबांच्या गादीवर जाई. काकांना खोकला झाल्याचे कळले की बा त्याच पोऱ्याच्या हाती सुंठ-गुळाची बाजरीची राब त्यांच्याकडे पाठवीत. आपल्या गादीवरून पुढे जाणारी ती पितळी बरणी बाबा पाहत आणि पुन्हा वहीत मान घालत.

आज लाडू तयार मिळतात, आणि चांगले मिळतात. ज्या सुना दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे भरतात त्यांनी चार दिवस मेथी भिजवीत बसावे, असे मी म्हणणार नाही. फक्त पाकिटावरची मुदत महिनोन्‌महिन्यांची असते. तेवढ्या अवधीत माणसे मोजण्याची वेळच येत नाही.

बा गेल्यावर डब्यांची ये-जा थांबली होती. गेल्या मार्गशीर्षात मोठ्या काकांच्या धाकट्या सुनेचा फोन आला. लाडू करायला घेतले होते, तिने आईला विचारले, “काकी, तुमच्याकडे सध्या माणसे किती?” आईने आधी अकरा सांगितले. मग जरा थांबून, शिकायला परदेशी गेलेला नातू धरून, बारा.